पटावरील कारंजा : एका लुटुपुटीच्या लढाईची साधने

वसंतातल्या संध्याकाळी विद्वानांची भाषणे ऐकावयास जमणाऱ्या मंडळींपुढे मातीच्या सैनिकांचा विषय मांडावा, हे काहींना पोरखेळ वाटेल. पुण्या-साताऱ्याकडची मुले दिवाळीत अंगणात किल्ला करतात, त्यावर कुंभाराकडचे मावळे उभे करतात आणि चार दिवसांनी तो मोडून टाकतात. आम्ही ज्या खेळाविषयी लिहिणार आहोत तो याच किल्ल्याचा थोरला भाऊ आहे. फरक इतकाच, की यात प्रत्येक सैनिकाला 'तू येथे कसा आलास?' असा प्रश्न विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर कागदपत्रांतून द्यावे लागते.

इंग्लंडात हा छंद चांगलाच रुजला आहे. मोठ्या टेबलावर टेकड्या, ओढे, कुंपणे मांडावयाची. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक रंगवून उभे करावयाचे. ते किती चालतील हे पट्टीने मोजावयाचे आणि झटापटीचा निकाल फाशांवर ठरवावयाचा. एच्. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने 1913 साली अशा खेळाचे नियम पुस्तकरूपाने छापले. त्यापूर्वी प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असाच खेळ वापरीत. आपल्याकडचे चतुरंग तर याहून फार जुने. पण बुद्धिबळातला घोडा सर्वत्र अडीच घरेच चालतो; या खेळातला घोडा चिखलात रुततो, तहानेने थकतो.

इंग्लंडातले हौशी लोक आपल्या मध्ययुगीन लढाया मांडताना साधने कशी जमवितात, हे पाहण्यासारखे आहे. 1066 सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईतील पोशाखासाठी ते बायोच्या भरतकाम केलेल्या, जवळजवळ 70 मीटर लांबीच्या पट्ट्याकडे जातात. चिलखतासाठी थडग्यांवरील सरदारांच्या प्रतिमा पाहतात. सैन्याच्या आकड्यासाठी बखरकारावर न विसंबता सरकारी खजिन्यातील पगाराच्या याद्या वाचतात. वीस तिरंदाजांवर एक नाईक, शंभरांवर त्याच्या वरचा, अशी रचना त्यांना जुन्या कागदांतून समजते. आणि इतके करूनही चूक होते! 1485 सालच्या बॉसवर्थच्या लढाईचे मैदान म्हणून वर्षानुवर्षे एक टेकडी दाखवीत. 2009-10 च्या सुमारास जमिनीतील शिशाचे गोळे शोधून काढले तेव्हा खरी रणभूमी सुमारे दोन मैल दूर निघाली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. इंग्लंडचे मध्ययुग सामान्यतः या बॉसवर्थपाशी संपते असे मानतात. आपले इतिहासकार ते पुष्कळ पुढे, शिवकाल ओलांडूनही नेतात. तेव्हा 1670 च्या अखेरीस मराठ्यांनी कारंजा लुटले हा प्रसंग आपल्या पटासाठी योग्यच होय. 1596 पासून वऱ्हाड मोगलांकडे होते. ऑक्टोबर 1670 मध्ये मराठ्यांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, त्याच महिन्यात दिंडोरीला मोगलांशी लढाई दिली, आणि वर्ष सरण्याच्या आत ते या दूरच्या, श्रीमंत आणि बेसावध पेठेवर येऊन धडकले.

प्रथम सैन्य. सभासदाने आपल्या बखरीत घोडदळाची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची हजारी. हे वाचल्यावर आमचे प्रमाण ठरून गेले : एक बाहुले म्हणजे पंचवीस स्वार. पाच बाहुली एका पुठ्ठ्यावर चिकटविली की जुमला झाला आणि असे दहा पुठ्ठे म्हणजे हजारी. पण सभासद आणखी एक गोष्ट सांगतो. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. शूर स्वार सर्वांच्या लक्षात राहतो. पण पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा नसेल तर तो स्वार वऱ्हाडापर्यंत पोहोचलाच नसता.

पोशाखासाठी मोगल आणि दखनी चित्रे पाहावीत. मनुची या इटालियन प्रवाशाने मीर महंमदाकडून काढवून घेतलेले शिवाजी महाराजांचे अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातील पायी चालणारी माणसेही बारकाईने पाहण्यासारखी आहेत. प्रत्यक्ष शस्त्रे पाहावयाची असतील तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय किंवा पुण्याचे केळकर संग्रहालय गाठावे.

नंतर भूमी. येथे नकाशात भर घालण्यापेक्षा त्यातून वजा करण्याचे काम अधिक. भूमापन खात्याचा नकाशा घ्यावा आणि त्यातून अडाण धरण पुसावे, मूर्तिजापूर-यवतमाळ लहान रेल्वेचा मार्ग पुसावा, सोयाबीनची शेते पुसावीत. कारंज्याच्या वेशी आज डोळ्यांना दिसतात एवढ्यावरून त्या 1670 च्या पटावर उभ्या करू नयेत. आम्ही पहिल्या खेपेस ही चूक केली. मोठ्या हौसेने पुठ्ठ्याच्या वेशी केल्या, आणि पुरावा मागितल्यावर आम्हांलाच त्या उचलून ठेवाव्या लागल्या.

खरा कस लागतो तो आकड्यांशी. सर जदुनाथ सरकारांनी या लुटीची किंमत एक कोट दिली असून ती चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेली असे म्हटले आहे. आकडा मोठा, म्हणून एकदम खोटा म्हणू नये. मोठा, म्हणून एकदम खराही मानू नये. तो हिशेबाला बसवावा. रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. एक कोटीची चांदी म्हणजे 115 टन. जनावरामागे एक क्विंटल ओझे धरले तर चार हजार जनावरे 400 टन वाहतील. लुटीत सोने, चांदी आणि उंची कापड होते. कापड जड, जागा अडविणारे. तेव्हा दोन्ही आकडे निदान एकमेकांना खोटे पाडीत नाहीत. मात्र लुटीच्या बातम्या बहुधा भ्यालेली माणसे देतात आणि भीतीला आकडे फुगविण्याची सवय असते, हेही विसरू नये. सुरतकर इंग्रजांची पत्रे 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या 1931 च्या संग्रहात वाचावयास मिळतात. ती वाचताना त्यांची वखारही धोक्यात होती हे ध्यानात ठेवावे.

आमच्या प्रमाणाने चार हजार जनावरांचे एकशेसाठ नग होतात. ते कोठून आणावयाचे? तान्ह्या पोळ्याचे लहान लाकडी बैल घरोघर माळ्यावर पडलेले असतात! ते पटावर ओळीने लावले आणि खेळाचे रूपच बदलले. कारंज्याहून सह्याद्रीची रांग सरळ रेषेतही जवळजवळ 400 किलोमीटर. लादलेला बैल दिवसाला 20 किलोमीटर चालला असे धरले तरी वीस दिवस झाले. म्हणजे कठीण काम पेठ लुटण्याचे नव्हते. ही लांबलचक रांग शत्रूच्या मुलखातून सुखरूप नेण्याचे होते. हे आम्ही पुस्तकांतून अनेकदा वाचले असेल. पण समजले ते बैल मांडल्यावर.

पट पाहावयास आलेल्या एका शाळकरी मुलीने आम्हांला विचारले, "यात कारंज्याची माणसे कोणती?" आम्ही निरुत्तर झालो. स्वार होते, बैल होते, मोगल होते; ज्यांची पेठ होती ते कोठेच नव्हते. महाराजांविषयीचा आमचा आदर तसूभरही कमी नाही. राज्य उभारावयाचे तर शत्रूचा पैसा तोडावा लागतो, हेही खरे. पण लुटलेले गाव आपले होते. तेथल्या धनिकांना मराठ्यांनी धरून नेले, काही स्त्रीवेषात निसटले, असे सरकार लिहितात. त्या दिवसापासून आमच्या पटावर सावकार, कोष्टी, हमाल आणि घागरी घेतलेल्या बाया आहेत. त्यांना चाल नाही. पण ते तेथे आहेत.

त्या माणसांविषयी लिहावयाचे तर साधने आपल्यालाच जमवावी लागतील. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली म्हणून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' उभी राहिली. वाशीमला 1939 साली वाकाटकांचा ताम्रपट उजेडात आला आणि वत्सगुल्माच्या एका राजशाखेची ओळख पटली. कारंज्याच्या जैन मंदिरांतील हस्तलिखितांचे भांडार विद्वानांना ठाऊक आहे. अशा पोथ्यांच्या अखेरीस सन, गाव आणि दात्याचे नाव लिहिण्याचा प्रघात असे. आणि आपल्या घरच्या माळ्यावर मोडी कागदांचा एखादा रुमाल अजून बांधलेला असेल. तो रद्दीत घालू नये. कोणत्या घरात, कोणत्या पेटीत सापडला ते प्रथम टिपून ठेवावे, मग मोडी जाणणाऱ्यास दाखवावा. आमच्या पटावरील ज्या माणसांना आज नाव नाही, त्यांपैकी एखाद्याचे नाव त्या रुमालात असेल.