शाकाहारी म्हणून घरी आणावा काय?

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या ऑगस्टअखेरीपर्यंत जालना जिल्ह्याबाहेर फारसे कुणास ठाऊक नव्हते. मराठा आरक्षणाच्या उपोषणाने ते साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. आमच्या नात्यातील एका कुटुंबाचा त्या भागात तीन पिढ्यांपासून किराणा व भुसार मालाचा व्यापार आहे. या घरापुढे गेल्या हिवाळ्यात जो प्रश्न उभा राहिला तो मात्र आरक्षणाचा नव्हता, मालाच्या भावाचाही नव्हता. पुण्यात शिकणाऱ्या नातवाचा एक मित्र पुढील शिक्षणासाठी परदेशी निघाला होता. त्याच्याजवळ तीन वर्षांचा हिरवा इग्वाना होता आणि तो कुणीतरी सांभाळावा अशी त्याची विनवणी होती. नातवाने फोनवर सांगितले, "दादाजी, तो पूर्ण शाकाहारी आहे." या एका वाक्याने निम्मे घर अनुकूल झाले.

प्रकरण माझ्याकडे आले ते केवळ मी बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात आयुष्य घालविले म्हणून. प्राण्यांचे शास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु कागद मागून घेणे आणि मुदत किती वर्षांची हे विचारणे, या दोन सवयी येथेही उपयोगी पडल्या.

प्रथम त्या एका वाक्याचे मोल पाहू. आपल्या घरांत कुत्रा वा मांजर पाळण्यास जी अडचण येते ती मुख्यतः अन्नाची. मांजराला मांसावाचून निभत नाही, आणि दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजराचे हाल होतात. दिल्लीला लाल मंदिरालगत आपल्या समाजाचे पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तेथेही मांसाहारी पक्ष्यांना उपचार मिळतात, पण मुक्कामास ठेवून घेत नाहीत. इतका हा प्रश्न जुना व नाजूक आहे. हिरवा इग्वाना या कसोटीस खरोखर उतरतो. मूळ मध्य व दक्षिण अमेरिकेतील झाडांवर राहणारा हा सरडा पाने, फुले आणि थोडी फळे यांवर जगतो. त्याच्या आतड्यात पाने आंबवून पचविणारे सूक्ष्मजीव असतात. उलट, त्याला मांस वा अंडी खाऊ घातल्यास त्याची मूत्रपिंडे बिघडतात. तो दिनचर प्राणी आहे. सूर्यास्तानंतर खात नाही. नातवाने हेही आजीच्या कानावर घातले होते. चौविहार पाळणारा सरडा घरात येणार म्हणून आजीला कौतुकच वाटले!

येथवर जमेची बाजू झाली. आता मुदत पाहू. दुकानात विकले जाणारे पिल्लू वीतभर असते. पूर्ण वाढ झालेला नर शेपटीसह दीड मीटर, प्रसंगी त्याहून मोठा होतो. नीट सांभाळल्यास तो १५ ते २० वर्षे जगतो. नातू आज वीस वर्षांचा आहे. त्याचे शिक्षण, नोकरी वा व्यवसाय, विवाह, बिऱ्हाड हे सर्व या मुदतीत यावयाचे. कर्जाला जामीनदार कोण, असा प्रश्न मी विचारला तेव्हा सर्वांच्या नजरा आजीकडे वळल्या. आजींचे वय त्र्याहत्तर.

त्यातून वयात आलेला नर विणीच्या हंगामात आक्रमक होतो, चावतो, शेपटीचा फटका मारतो. त्याचे दात बारीक पण करवतीसारखे असतात. तो कुत्र्याप्रमाणे लळा लावणारा नव्हे. फार तर माणसाची सवय होते. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि प्राणी निरोगी दिसत असतानाही ते माणसास बाधतात. पाच वर्षांखालील मुले व वृद्ध यांना त्याचा धोका अधिक. एकत्र कुटुंबात दोन्ही असतात. ज्या मोरीत स्वयंपाकाची भांडी घासली जातात तेथे त्याचे पात्र धुणे चालत नाही.

निगेचा सर्वांत अवघड भाग ऊन हा आहे. मराठवाड्यात उन्हाची काय कमतरता, असे कुणीही म्हणेल. परंतु या प्राण्यास उष्णतेबरोबर सूर्यप्रकाशातील विशिष्ट अतिनील किरण लागतात. त्यांवाचून त्याच्या शरीरात ड-जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही, हाडे मऊ होऊन वाकतात, जबडा सुजतो. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. म्हणून एकतर बाहेर प्रशस्त जाळीचा पिंजरा हवा, नाहीतर खास दिवे हवेत, आणि ते उजेड देत असले तरी त्यांतील हे किरण ओसरतात म्हणून ठरावीक महिन्यांनी बदलावे लागतात. बसण्याच्या जागी दिवसा बत्तीस ते पस्तीस अंश उष्णता लागते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतही चाळीसच्या पुढे पारा जातो, तर पौषात पहाटे दहाच्या आसपास उतरतो. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात थंडीची लाट आली की इग्वाना बधिर होऊन झाडांवरून खाली पडतात. गावाकडे विजेचे वेळापत्रक कसे असते हे मी वाचकांस सांगावयास नको.

आता आपल्या घरांचीच म्हणावी अशी एक अडचण. इग्वानाला रोज ताजा हिरवा पाला चिरून द्यावा लागतो. पालक वारंवार देऊन चालत नाही, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवते. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, लसूणघास, तुतीची पाने ही त्याला मानवतात. जालना जिल्ह्यात रेशीमशेती असल्यामुळे तुतीचा पाला सहज मिळेल, असे नातवाचे म्हणणे. (ज्या किड्यांसाठी ती तुती लावली जाते त्यांचे पुढे काय होते, हे आपल्यापैकी रेशीम न वापरणारी कुटुंबे जाणतात.) पण अष्टमी-चतुर्दशीला ज्या घरात हिरवी भाजी चिरली जात नाही, चातुर्मासात पालेभाज्यांचा त्याग असतो, पर्युषणात हिरव्याला हात लागत नाही, त्या घरात त्याच दिवशी सकाळी विळीवर बसून वाटीभर पाला कोणी चिरावयाचा? आजींचे कौतुक या प्रश्नापाशी थांबले. त्याला उपाशी ठेवावे हे तर मनातही आणता येत नाही. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत अन्नपाननिरोध आहेच. आणि त्या यादीतील पहिला अतिचार बंध, म्हणजे जीवास बांधून वा कोंडून ठेवणे, हा आहे. शास्त्रकारांसमोर गाय-बैल असतील, इग्वाना नव्हता. तरीही काचेच्या पेटीत वीस वर्षे काढणाऱ्या झाडावरच्या प्राण्यास हा शब्द लागू पडत नाही, असे मला म्हणता आले नाही.

कागदपत्रांचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला. हिरवा इग्वाना हा भारतीय प्राणी नाही, म्हणून कायदा लागू नाही, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयी जो साइटीस करार आहे त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात हा प्राणी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात अशा प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र शासनाने नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. ज्यांच्याजवळ असे प्राणी होते त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली गेली. त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत परिवेश पोर्टलवर नोंद करावयाची आहे. मालकी बदलली, प्राणी दगावला, तरी कळवावयाचे. २०२० च्या जूनमध्ये कागदांवाचून स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत निघाली होती, तीही सहा महिन्यांपुरतीच होती.

मित्राकडे नोंदणीचा कागद मागितला. तो नव्हता. खरेदीची पावतीही नव्हती. कुणाकडून तरी रोखीने घेतलेला प्राणी. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत महसूल गुप्तचर संचालनालयाने शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेल्या मालातून ६६५ विदेशी प्राणी पकडले. त्यांत अजगर, कासवे, सरडे होते आणि इग्वानाही होते. अनेक प्राणी मेलेले आढळले. विनापावतीच्या प्रत्येक प्राण्यामागे असा प्रवास असेलच असे नाही, परंतु नसेल हे सिद्ध करणारा कागद कुणाजवळ असतो?

येथे एक भेद करावासा वाटतो. टाकलेला जीव सांभाळणे वेगळे आणि बाजारातून जीव आणणे वेगळे. मुंबईचे पांजरापोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय व शेठ अमीचंद शहा यांनी स्थापन केले ते निराधार जनावरांसाठी. पैसे देऊन पिंजऱ्यातील पक्षी सोडविण्याची प्रथा आपल्यात आहे. व्यापारी मनुष्यास हे सांगणे नको की, गिऱ्हाईक आले की दुकानदार दुसऱ्या दिवशी आणखी माल भरतो. या प्रकरणात पैसे द्यावयाचे नव्हते, म्हणून ते मला सहजासहजी नाकारता येईना. नकार दिला तर त्या प्राण्याचे काय? मित्राने तो कुठे तलावाकाठी सोडून दिला असता तर? तसे करणे सर्वांत वाईट. प्वेर्तो रिको व तैवान येथे पाळीव म्हणून आणलेले इग्वाना मोकळे सुटून हजारोंनी वाढले आणि पुढे त्यांना मारण्याच्या मोहिमा काढाव्या लागल्या.

शेवटी असे ठरले की, अंतरवालीस तो आणावयाचा नाही. आसपासचे पशुवैद्य गाई-म्हशी पाहतात, या प्राण्याचा अनुभव असलेला वैद्य पुण्या-मुंबईखेरीज मिळणे कठीण, हेही कारण होते. मित्राने परदेशी जाण्यापूर्वी वनविभागाकडे स्वतः जाऊन खरी हकीगत लेखी द्यावी आणि प्राणी कोणाच्या हवाली करावयाचा ते त्यांनीच सांगावे, असा निरोप नातवाकरवी गेला. नातू दोन दिवस रुसला, मग मित्राबरोबर कार्यालयात जाऊन बसला.

या चर्चेत आजोबांनी विचारले, "म्हणजे आपल्या कालव्यावरची घोरपडच ना ती?" नव्हे. घोरपड मांसाहारी, आणि दोघांची कुळे निराळी. पण प्रश्न मोलाचा होता. जायकवाडीच्या कालव्याच्या भरावांत, मोसंबीच्या बागांत आजही घोरपड दिसते. उंदीर, किडे, अंडी, मेलेले जनावर खाऊन ती शेताची साफसफाईच करते. यशवंती घोरपडीच्या दोराची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली. तिला ऐतिहासिक आधार नसला तरी घोरपडीला मराठी मनात स्थान आहे. तीच घोरपड मांसासाठी आणि तेलासाठी मारली जाते. ती पहिल्या अनुसूचीत आहे. तिची शिकार केल्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आहे. बागेत कुणी तिच्यामागे लागलेले दिसल्यास वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

आणि व्यापारी घरांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास पूजासाहित्याच्या काही दुकानांत 'हत्था जोडी' नावाची जोडलेल्या हातांसारखी दिसणारी वस्तू विकली जाते. ती दुर्मिळ वनस्पतीची मुळी आहे आणि गल्ल्यात शेंदूर लावून ठेवल्यास बरकत येते, असे सांगतात. ती मुळी नव्हे. नर घोरपडीस मारून तिचे वाळविलेले जननेंद्रिय म्हणजे ही वस्तू. प्रयोगशाळेतील तपासण्यांत हे सिद्ध झालेले आहे. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरांच्या तिजोरीत ती डबी असू शकते, कारण विकत घेताना कुणी विचारलेले नसते. जवळ बाळगणे हाही गुन्हाच आहे. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी दुकानाचा जुना गल्ला रिकामा करून पाहिला. जुनी नाणी, एक सुपारी आणि १९९१ सालची एक न वटलेली हुंडी, एवढेच निघाले.