कवायत कशासाठी?



मी ज्या गावी शिकवतो ते कोयली वडोदरा शहराच्या वायव्येस वसलेले आहे. १९६५ साली येथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. त्याच्या धुराड्याच्या टोकाला रात्री जळणारी ज्योत ही आता गावाची खूणच होऊन बसली आहे. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी दुपारी या कारखान्यातील एका साठवणीच्या टाकीला आग लागली आणि तीत दोन कामगारांना प्राण गमवावे लागले. काळ्या धुराचे लोट कितीतरी दूरवरून दिसत होते.

अशा संकटात कोणत्याही गावाची काय अवस्था होते, हे आपण सारे जाणतो. एकजण घाबरून पळत सुटतो, दुसरा काय झाले ते पाहायला धावतो. आगीच्या बंबाला जो रस्ता मोकळा हवा, तोच बघ्यांनी भरून जातो. आग विझवणे हे त्या कामात तरबेज असलेल्यांचे काम. ते त्यांच्यावरच सोपवावे. परंतु रस्ता मोकळा ठेवणारे, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून बाहेर आणणारे आणि कानावर आलेली बातमी खरी आहे असे कळल्यावाचून पुढे न सांगणारे दहा तरुण अशा वेळी गावात असावे लागतात. ते घडवायचे कसे, याचे एक उत्तर कॉलेजच्या मैदानावर सकाळी चालणाऱ्या कवायतीत आहे, असे मला वाटते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने वडोदऱ्यास कॉलेजात प्रवेश घेतला, तेव्हा त्याची आई चिंतातुर होऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, पोरगा एन. सी. सी. त नाव घालतो म्हणतो. उद्या लढाई लागली तर त्याला सीमेवर धाडतील का हो?” तिची शंका अनेकांच्या मनात असते, म्हणून तिचे उत्तर येथेही देतो. राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १९४८ सालचा आहे. केवळ छात्रसैनिक झाल्यामुळे कोणावरही युद्धसेवेचे बंधन येत नाही, हे त्या कायद्यातच स्पष्ट केलेले आहे.

छात्रसेनेची मुळे याहून जुनी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे सैनिकी पथक प्रथम उभे राहिले. तेव्हा राज्य परक्याचे होते. स्वातंत्र्य दृष्टिपथात आल्यावर, १९४६ साली, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून १५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. हे कुंझरू सेनानी नव्हते. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष होते. ज्याने आयुष्य लोकसेवेला वाहिले, अशा माणसाने तरुणांच्या सैनिकी शिक्षणाचा आराखडा करावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. छात्रसेनेचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर पुढे भारताचे सरसेनापती झाले. १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला. १९५० मध्ये हवाई आणि १९५२ मध्ये नाविक शाखा जोडल्या गेल्या. आज देशात लाखो छात्रसैनिक आहेत. वडोदऱ्यासही छात्रसेनेच्या एका ग्रुपचे मुख्यालय आहे.

आता या शिक्षणात असते तरी काय? कवायत, रायफल हाताळणे, नकाशावाचन, प्रथमोपचार आणि समाजसेवा. वर्षातून एकदा सुमारे दहा दिवसांचे शिबीर असते. शिकवायला लष्करातून आलेले हवालदार-सुभेदार असतात, आणि कॉलेजातलाच एक प्राध्यापक प्रशिक्षण घेऊन अधिकाऱ्याचे काम पाहतो. कॉलेजातील छात्रसैनिक ‘बी’ आणि त्यानंतर ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा देतात. ‘सी’ मिळवलेल्या पदवीधराला, आवश्यक ते गुण असल्यास, लेखी परीक्षेवाचून थेट सैन्याधिकाऱ्यांच्या निवड मंडळासमोर जाण्याची वाट मोकळी होते. हा लाभ खराच. पण तो थोड्यांच्या वाट्याला येतो. बाकीच्यांनी काय मिळवले, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर कवायतीच्या हुकुमात सापडते. हा हुकूम दोन भागांत दिला जातो. ‘दाहिने’ म्हटले की काय करायचे ते कळते. पण कोणी हलत नाही. मध्ये क्षणभर स्तब्धता असते. मग ‘मुड’ हा शब्द येतो आणि सारी तुकडी एकदम वळते. नवख्या मुलाची चूक बहुधा त्या मधल्या क्षणात होते. त्याला समजलेले असते, म्हणून तो आधीच वळतो आणि साऱ्या रांगेची घडी विसकटते. समजल्यावरही थांबणे, आणि वेळ आली की मागे न राहणे, हे ती कवायत शेकडो वेळा शरीराला शिकवते. पुढच्या वर्षी हाच मुलगा नव्या मुलांना हुकूम देतो, तेव्हा आपल्या आवाजावर पन्नास माणसे विसंबून आहेत, हे त्याला कळते. संकटाच्या पहिल्या तासाला जी सवय लागते ती हीच.

हे शिक्षण सक्तीने देता येईल काय? आपल्या देशाने तोही प्रयोग करून पाहिला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ साली, कॉलेजातील सक्षम विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यात आली. संख्या झपाट्याने वाढली, पण शिकवणारे अधिकारी पुरे पडेनात. १९६८ साली ती सक्ती उठली. रांगेत उभे करता येते, पण मन रांगेत आणता येत नाही, हा धडा आम्हा शिक्षकांनीही विसरू नये.

ज्यांचा ओढा कवायतीकडे नाही, त्यांच्यासाठी लवकरच दुसरी वाट निघाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि एखाद्या गावी सात दिवसांच्या शिबिरात राहतो. या योजनेच्या बोधवाक्याचा भाव ‘मी नव्हे, तुम्ही’ असा आहे. गणवेशाची मुले आणि कुदळ-फावड्याची मुले यांत श्रेष्ठ कोण, असा वाद कॉलेजात कधीकधी चालतो. कुंझरूंचे चरित्र ज्याला ठाऊक आहे, त्याला तो निरर्थक वाटेल. एप्रिल २०२० मध्ये करोनाची साथ पसरली, तेव्हा अठरा वर्षांवरील छात्रसैनिक स्वेच्छेने पुढे आले. अन्नवाटप, वाहतुकीचे नियमन, दूरध्वनीवरून मदत, अशी कामे त्यांना दिली गेली. त्यांतल्या एकाही कामाला रायफल लागत नव्हती. शिस्त मात्र प्रत्येकाला लागत होती.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. कॉलेज सुरू होताच नावे नोंदवली जातात. मुलगा वा मुलगी विचारायला आली, तर ‘गुण किती वाढतील?’ हा प्रश्न आधी विचारू नका. आणि मुलाला नको असेल, तर प्रमाणपत्राच्या लोभाने त्याला लोटूही नका. त्या माउलीला मी सांगितले, “बाई, मुलगा स्वतःहून जातो आहे ना? मग जाऊ द्या. सीमा त्याच्यापासून दूर आहे, पण आपली गल्ली जवळ आहे. तिथे त्याचा उपयोग व्हावा.” ती काही बोलली नाही. पण पहिल्या कवायतीच्या दिवशी, पहाटे पाच वाजता, त्याच्या गणवेशाला इस्त्री तिनेच केली, असे पुढे त्याने मला सांगितले.