वादळानंतरची वाडी

पूजेची तयारी करतांना तबकांत विड्याच्या दोन पानांवर सुपारी ठेवावयाची, तिलाच गणपति मानून गंधाक्षता वाहावयाच्या, हें आपल्या घरांतून इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, ती सुपारी कोणत्या वाडींतून आली आणि झाडावरून ती कोणीं उतरविली, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. तो यावा असा प्रसंग ३ जून २०२० रोजीं घडला. त्या दिवशीं भरदुपारीं ‘निसर्ग’ नांवाच्या चक्रीवादळानें अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याचा किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळें आणि खाडीपलीकडील मंडणगड-दापोली या भागांतील नारळी-पोफळींच्या बागा कांहीं तासांत आडव्या झाल्या. छपरें उडालीं, विजेचे खांब वांकले. त्याचीं वर्णनें त्या वेळीं वृत्तपत्रांतून पुष्कळ आलीं. आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें त्यापुढचें: वारा थांबल्यावर कोणाचें काम गेलें, कोणास काम मिळालें, आणि गेलेलें परत येण्यास किती काळ लागतो.

श्रीवर्धन हें पेशव्यांच्या भट घराण्याचें गांव म्हणून वाचकांस ठाऊक आहेच. व्यापाऱ्यास तें ‘श्रीवर्धनी रोठा’ सुपारीचें गांव म्हणून ठाऊक असतें. आंतून पांढरी आणि चवीला गोडसर अशी ही सुपारी समुद्राकांठच्या वाळूमिश्रित जमिनींत होते. वाड्या लहान, कांहीं गुंठ्यांच्याच. पण त्या गुंठ्यांत वर माड, त्याखालीं पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरीचा वेल, सावलींत जायफळ, आणि मोकळ्या जागीं केळ, अशी मजल्यामजल्यांची वस्ती असते. एकाच्या आधारानें दुसरें वाढावें अशी ही रचना आहे, आणि म्हणूनच एक कोसळलें कीं दुसरेंहि संकटांत येतें.

भाताचें पीक बुडालें तर पुढल्या वर्षीं पुन्हा पेरतां येतें. पोफळीचें तसें नाहीं. तिचें खोड सडपातळ आणि उंच, मुळें तंतुमय, आणि वाढीचा कोंब शेंड्याला एकच. तो मोडला कीं झाड संपलें; बुंध्यापासून नवा फुटवा येत नाहीं. त्यांतून जीं झाडें वाचलीं त्यांच्यामागें दुसरें दुखणें लागतें. शेजारच्या झाडांची सावली गेल्यामुळें दुपारनंतरचें तिरपें ऊन थेट खोडावर पडतें, साल करपते, तेथें खोड कमकुवत होतें आणि एखाद्या पुढल्या पावसाळ्यांत साध्या वाऱ्यानें तें मोडून पडतें. ३ जूनला पडलेलीं झाडें पंचनाम्यांत मोजलीं गेलीं. दोन वर्षांनीं अशीं मोडणारीं कोण मोजणार?

नवें रोप लावावें, तर तें धरावयास सहा ते आठ वर्षें लागतात. माडासहि जवळजवळ तितकींच. शिवाय रोप लावण्याजोगें होण्यासच वर्षसव्वावर्ष जातें, आणि बियाण्याची सुपारी तर जुन्या, निवडक झाडांचीच घ्यावी लागते. तींच झाडें त्या दिवशीं मोठ्या संख्येनें पडलीं होतीं. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचें सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनला आहे. पण एका तालुक्याची नेहमींची गरज भागविणें वेगळें आणि साऱ्या किनाऱ्यानें एकदम हात पुढें करणें वेगळें.

आतां मदतीचा हिशेब पाहूं. फळबागांसाठीं हेक्टरीं १८,००० रुपये असा जो दर होता, तो राज्य सरकारनें वाढवून ५०,००० रुपये केला, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत. आंकडा ऐकावयास बरा आहे. पण दहा गुंठे म्हणजे हेक्टराचा दहावा भाग. त्या वाडीच्या वांट्यास आले पांच हजार! द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या मळ्यास जें माप चालतें, तें कोंकणच्या वाडीस चालत नाहीं, ही तक्रार रास्त होती. पुढें झाडाच्या हिशेबानें मदत ठरली: माडास २५० रुपये, पोफळीस ५० रुपये. दहा गुंठ्यांत समजा दीडशें पोफळी आणि बारा माड पडले, तर साडेदहा हजार रुपये होतात. पूर्वीपेक्षां हें दुप्पट खरें. पण चाळीस-चाळीस वर्षें फळ देणाऱ्या झाडाचे जे पन्नास रुपये, त्यांत बाजारांत अर्धा किलो चांगली सोललेली सुपारीहि येत नव्हती.

हे पैसे तरी हातीं पडावेत कसे? येथें गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. वाडीच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात् चार भावांचीं, मग त्यांच्या मुलांचीं, लग्न होऊन गेलेल्या आत्यांचीं आणि बहिणींचीं अशीं पंधरा-वीस नांवें चढलेलीं असतात. त्यांतील एखादेंच कुटुंब गांवीं राहून वाडी शिंपतें. बाकीचीं पुण्यास, मुंबईस, डोंबिवलीस, कोणी अमेरिकेस. मदत घ्यावयाची तर सर्व सहहिस्सेदारांचें संमतिपत्र हवें. त्या वर्षीं तर टाळेबंदी होती. तालुक्याच्या ठिकाणीं जाणेंहि दुरापास्त. दिवाळीस नारळ-सुपारीची पिशवी हक्कानें मागविणाऱ्या किती मंडळींनीं हा एक कागद वेळेवर सही करून पाठविला, याचा ज्यानें त्यानें आठव करावा. वांट्याची गोष्ट निघेल म्हणून सही अडवून धरणारेहि असतात, हें कबूल करावयास आम्हांस संकोच वाटतो. पण तें खोटें नाहीं.

असो. मालकाला निदान कागदावर तरी झाड आहे. ज्याचें नांव सातबाऱ्यावर कोठेंच नाहीं, त्याचें काय? झाडावर चढून फळ उतरविणारा पाडेली, सुपारी वाळविणाऱ्या आणि सोलणाऱ्या बायका, झावळ्या विणून आणि खराटे बांधून चार पैसे मिळविणाऱ्या म्हाताऱ्या, यांचा रोजगार त्याच झाडांवर होता. पाडेल्याचें पोट तर झाडांच्या संख्येवर! शंभरांपैकीं साठ पडलीं कीं त्याचें उत्पन्न त्या प्रमाणांत उतरलें. आणि मदतीच्या यादींत ‘न चढावयास मिळालेलीं झाडें’ असा रकाना नसतो. दहापांच वर्षें काम नसलें तर तो दुसऱ्या धंद्यास लागतो, त्याचा मुलगा तर ही विद्या शिकतच नाहीं. मग पोफळी पुन्हा धरल्या तरी उतरविणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. मनुष्याच्या हातचें कसब हेंहि एक उशिरा फळणारें झाडच आहे.

वादळ कांहींना काम देऊनहि जातें. सुतार, गवंडी, कौलें-पत्रे चढविणारे, तारा ओढणारे यांना उसंत नव्हती. करवत चालविणारास तर वाटेल तो दाम मिळत होता, कारण वाड्या आडव्या पडलेल्या खोडांनीं अशा भरल्या होत्या कीं आंत पाऊल ठेवतां येईना. पोफळीचें खोड उभें चिरून त्याच्या रिपा निघतात, पोकळ करून पाण्याचे पन्हळ होतात. परंतु एकदम हजारों खोडें पडल्यावर त्यांस गिऱ्हाईक कोठलें? टाळेबंदीमुळें मुंबईचे चाकरमानी त्या वेळीं गांवींच होते. हात होते, पैसा नव्हता. अशा वेळीं रोजगार हमीचा उपयोग व्हावा. ही योजना महाराष्ट्रानेंच १९७२ च्या दुष्काळांत वाढविली, १९७७ सालीं तिला कायद्याचें रूप दिलें. २००५ सालीं केंद्रानें देशभर तसा कायदा केला. २०२० सालीं तिच्यावर महाराष्ट्रांत दिवसाला २३८ रुपये मजुरी होती. बाग साफ करणें, खड्डे खणणें, पुन्हा लागवड करणें हें काम या मजुरीवर झालें तर मालकाची बाग उभी राहते आणि मजुराची चूलहि पेटते. आमच्या मतें मदतीचा याहून चांगला मार्ग नाहीं.

कच्छांत २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर नवे कारखाने काढणारांस केंद्र सरकारनें पांच वर्षें उत्पादन-शुल्काची सवलत दिली, आणि त्या ओसाड मुलखांत कारखाने आले. कोंकणांतहि तसें करावें असें कोणी सुचवितात. पण वाडीची उणीव कारखाना भरून काढील, हें आम्हांस पटत नाहीं. दिवेआगर-हरिहरेश्वराकडे जो पाहुणा येतो, घरगुती खाणावळींत उकडीचे मोदक खातो, रात्रीं राहतो, तो समुद्राइतकाच त्या वाडीच्या गारव्यासाठीं येतो. ज्या घरांनीं खोल्या बांधल्या होत्या, त्यांची सावलीच गेली. दुरुस्त केलेल्या खोलीला भाडें मिळूं लागलें तरी, अंगणांत बसून नुसतें वर पाहावें असें तेथें कांहीं उरलें नव्हतें.

मग गांवीं राहिलेल्या कुटुंबानें मधलीं वर्षें काढावयाचीं कशीं? अनुभवी बागाईतदार आधीं केळ लावतो. ती वर्षाभरांत घड देते आणि पोफळीच्या कोवळ्या रोपाला सावलीहि देते. खालीं भाजी होते. मिरीस मात्र चढावयास उभें खोड हवें, आणि जायफळास सावली. त्यांना थांबावें लागतें. १७ मे २०२१ च्या सुमारास ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां कित्येकांचा धीर दुसऱ्यांदा सुटला असेल. त्यानंतरच्या पावसांत ज्यांनीं रोपें लावलीं, त्यांच्या पोफळी २०२७-२८ च्या सुमारास धरूं लागतील. तोंपर्यंत दर उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी बुंध्याशीं पोंचवावें लागतें, आणि पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचा आडोसा बांधावा लागतो.