शिक्का आणि मोर्तब

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी धुळ्यास निवर्तले आणि लगोलग पुढल्या वर्षी त्यांच्या नावाने तेथे जे संशोधन मंडळ उभे राहिले, त्याच्या दफ्तरात बसून मोडी गिरवण्यात माझ्या उमेदीचे दोन उन्हाळे गेले. विद्या फारशी पदरी पडली नाही. परंतु जुन्या कागदांची एक खूण मात्र डोळ्यांत कायमची बसली. पत्राच्या शिरोभागी धन्याचा शिक्का, आणि मजकूर जेथे सरे तेथे, शेवटल्या अक्षराला खेटून, एक लहानसे मोर्तब. शिक्का सांगे की पत्र कोणाचे; मोर्तब सांगे की ते येथे संपले, यापुढे कोणी अक्षर घुसडील तर ती लबाडी समजावी.

हे सारे पुन्हा आठवण्यास निमित्त झाले ते पुण्यास अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याचे. दिवाळीच्या सुटीत जळगावास आला की तो गच्चीवर बसून तासन् तास जे संगीत ऐकतो, त्याला मेटल म्हणतात. यंदा त्याने ते माझ्याही कानी घातले, आणि वर बजावले, ‘‘मामा, पूर्ण ऐका. मधेच काढायचं नाही.’’ पलीकडे कापसाच्या वाती वळीत बसलेल्या त्याच्या आजीच्या कानावर त्यातले चार क्षण पडले असतील नसतील, तोच तिने फैसला दिला, ‘‘हाई गानं शे का दयन?’’ (हे गाणे आहे का दळण?)

आजीचा हा अभिप्राय वाटतो तितका अडाणी नाही. या संगीताचा जन्म खरोखरीच यंत्रांच्या घरघरीत झाला आहे. इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरी टोनी आयॉमी नावाचा सतरा वर्षांचा पोर पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली, आणि तो डावखुरा वादक असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चढवले, आणि दुखऱ्या बोटांना ताण सोसेना म्हणून पुढे तारा सैल सोडल्या. सैल तारेचा स्वर खाली उतरतो, जड होतो. ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या मंडळीचा पहिला संग्रह फेब्रुवारी १९७० मध्ये निघाला, आणि अपघाताने जडलेली ती खर्जाची जडशीळ घरघर एका संपूर्ण परंपरेची ओळख होऊन बसली.

यात भर पडली विजेची. गिटारच्या तारेतून उठणारा क्षीण संदेश ध्वनिवर्धकात प्रमाणाबाहेर फुगवला म्हणजे त्याच्या लहरींचे माथे छाटले जातात, आणि एका स्वराभोवती मुळात नसलेल्या उपस्वरांचे मोहोळ उठते. त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. ढोलवादक दोन्ही पायांनी दोन पायटे दाबून मोठा ढोल असा बडवतो की तापीच्या पुलावरून भुसावळची मालगाडी जात असल्याचा भास व्हावा. गायक गळ्यातल्या खऱ्या स्वरतंतूंच्या वरचे पडदे आवळून गुरगुरतो. श्रोता या तिन्हींशी एकदम झुंजू लागला की हरतो. एकेक निरनिराळे ऐकावे, असे भाच्याचे म्हणणे, आणि ते मला अनुभवांती पटले.

या घराण्यातच जी एक शाखा बुद्धीच्या वाटेने गेली तिला प्रोग्रेसिव्ह मेटल हे नाव पडले. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील तीन विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली ‘ड्रीम थिएटर’ ही तिची नामांकित मंडळी. चार मात्रांची सरळ चाल सोडून ही मंडळी साताच्या, नवाच्या, अकराच्या हिशेबात फिरतात, तालाचे माप ऐन मध्यात बदलतात, आणि एकेक रचना वीस-वीस मिनिटे मांडतात. ज्याने रूपकाच्या सात मात्रा हातावर धरल्या आहेत, किंवा बालगंधर्वांच्या नावाने जळगावास भरणाऱ्या महोत्सवात झपतालातला विलंबित ख्याल ऐकला आहे, त्याने याला वेडेपणा म्हणण्याचे कारण नाही; फरक इतकाच की आपण तालाची एक चौकट ठरवून तिच्या आत खेळतो आणि हे लोक चौकटच हलवीत राहतात. यांचा ढोलवादक माइक पोर्टनॉय २०१० साली फुटून निघाला, २०२३ मध्ये परतला, आणि २०२५ च्या ‘पॅरासोम्निया’ या संग्रहात मंडळी पुनश्च आपल्या मूळ आवाजाशी येऊन ठेपली.

परंतु भाच्याने मला ऐकवली ती मंडळी मुंबईची. साहिल मखीजा या तरुणाने २००० साली उभी केलेली ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ ही ती मंडळी. प्रोग्रेसिव्हचे कर्मठ उपासक तिला आपल्या पंगतीस बसवतीलच असे नाही. त्या पंगतीचा या देशातला मान म्हणाल तर तो केशव धर यांच्या ‘स्कायहार्बर’ला द्यावा लागेल. मखीजा आपल्या शैलीला डेमॉनिक मेटल म्हणत आले. (हेच गृहस्थ ‘हेडबँगर्स किचन’ नावाने पाकक्रियेचे कार्यक्रमही करतात, हे कळल्यावर आजीचे मत किंचित निवळले.) २००५ चा ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, २०१० चा ‘द रिटर्न टु डार्कनेस’, २०१४ चा ‘द डीमन किंग’ या संग्रहांतून त्यांचा शिक्का तयार झाला: वाऱ्याच्या वेगाचा ढोल, त्यावर कीबोर्डने उभारलेला देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा, आणि गुरगुरता व साधा असे दोन्ही कंठ एकाच गाण्यात. इंग्लंडातल्या ‘मेटल हॅमर’ या नियतकालिकाने २०१० मध्ये त्यांना पारितोषिक दिले. एवढे झाल्यावर पुष्कळ मंडळी शिक्काच उमटवीत बसतात. तोच वेग, तोच घुमारा, अधिक मोठ्याने.

मार्च २०१७ मध्ये निघालेल्या ‘दशावतार’ या संग्रहात मात्र यांनी निराळा मार्ग धरला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. शब्द इंग्रजी, परंतु विद्युत्-गिटारच्या गदारोळात आपल्याकडील वाद्यांचे स्वर येऊन मिसळतात, आणि ते पाहुण्यासारखे ओसरीवर बसत नाहीत, घरात वावरतात. माझ्या समजुतीप्रमाणे यातील खरे मर्म वाद्यांत नाही, संख्येत आहे. अवतार दहाच. कूर्माला वराहासारखे वाजवता येत नाही, वामनाला परशुरामाची कुऱ्हाड देता येत नाही. ज्याला त्याला त्याचे त्याचे रूप दिलेच पाहिजे, आणि तरीही दहाही गाणी एकाच कंठातून निघाली आहेत हे कळले पाहिजे. ज्या मंडळीला आजवर थांबावे कोठे हे सांगणारे कोणी नव्हते, तिला पुराणाने मर्यादा आखून दिली. शिक्का त्यांच्यापाशी होताच. मोर्तब या विषयाने केले.

सारेच साधले आहे असे मी म्हणणार नाही. खांब फोडून निघणाऱ्या, अर्धा नर अर्धा पशू अशा नरसिंहाला हा घोगरा कंठ जितका शोभतो, तितका गोकुळातल्या कृष्णाला शोभणे कठीणच. आणि बुद्धाच्या वाट्याला दोन्ही पायांचा ढोल यावा की नाही, याबाबत मामा-भाच्यांचा तंटा अद्याप निकाली निघालेला नाही. तथापि देव सोज्वळच दिसला पाहिजे, हा आग्रह अलीकडच्या चौकटीबंद तसबिरींनी शिकवलेला आहे. कोकणातला दशावतारी, किंवा आमच्या पश्चिमेच्या डोंगरपट्टीत भोवाड्याला मुखवटा चढवून नाचणारा सोंगाड्या, देवाला घरात नव्हे तर रात्री उघड्यावर, वाद्यांच्या कडकडाटात आणतो, आणि पुढे बसलेली पोरे आईच्या पदराआड दडतात. मखीजांचा नरसिंह त्या पोरांना ओळखीचा वाटला असता.

दिवाळी सरून कार्तिकी एकादशी आली. १८७२ साली अप्पा महाराजांनी सुरू केलेला जळगावचा रामाचा रथ त्या दिवशी निघतो, आणि भाचा पुण्यास जाण्याचे एक दिवस लांबवून माझ्याबरोबर रथ चौकात आला. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो: हा लाकडी डोलारा शेकडो हात दोरखंड ओढतात तेव्हा हलतो, परंतु त्याला वळवायला सुकाणू नाही नि थांबवायला ब्रेक नाही. ते काम मोगरीवाल्यांचे. मोगरी म्हणजे लाकडाचा एक जड ठोकळा. मोगरीवाला धावत्या चाकाच्या बरोबरीने वाकून चालतो आणि नेमक्या क्षणी ती चाकाखाली सारतो. डाव्या चाकाखाली गेली तर रथ डावीकडे झुकतो, दोन्हींखाली गेली तर जागीच थबकतो, आणि सबंध डोलारा कळसापर्यंत शहारतो. क्षण चुकला तर समोरचे घर रथाचे, किंवा मोगरीवाल्याचा हात चाकाचा.

ढोल-ताशे वाजत होते, झांजा वाजत होत्या, आणि या साऱ्यांखालून चाकांचा एक खर्ज येत होता. भाच्याने कानातली यंत्रे केव्हाच खिशात टाकली होती. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवीत तो काहीतरी मोजत होता. सात म्हणता म्हणता मोगरी पडे, पुढल्या खेपेला पाचालाच, मग कितीतरी वेळ पडतच नसे.

‘‘मामा, सम कुठं येते तेच सापडत नाही,’’ तो माझ्या कानाशी ओरडला.

मी पुढे बोट केले. धोतराचा काचा मारलेला, साठी उलटलेला एक मोगरीवाला चाकापासून वीतभर अंतरावर वाकलेला होता. ढोल वाजताहेत याची त्याला दखलही नसावी. त्याची नजर फक्त चाकाच्या धावेवर होती. गल्लीचे तोंड आले. त्याने ठोकळा सारला, आणि डोलारा करकरत वळू लागला.

भाच्याने मोजणे सोडले, आणि आम्ही दोघे पुढल्या वळणापर्यंत त्या माणसाच्या मागून चालत गेलो.