दहा पट्ट्यांची पेटी

ध्वनिक्षेपक हे कोणत्याही धर्माचे अत्यावश्यक अंग नव्हे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी दिल्यापासून आवाजाच्या मर्यादेविषयी जी चर्चा महाराष्ट्रभर चालू आहे, ती उत्सवांचे दिवस जवळ आले की पुन्हा तापते, आणि दर खेपेस तिचा सारा भर एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो : आवाज किती? तो कसा आहे, त्यात खर्ज किती, मध्य किती, तार किती, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. समुद्रपुरातल्या माझ्या घरी, भजनांच्या ध्वनिमुद्रणासाठी राखून ठेवलेल्या दहा फुटी खोलीत, मी स्वहस्ते एक इक्वलायझर, म्हणजे आवाजातले खर्ज, मध्य, तार वेगवेगळे कमी-जास्त करणारे यंत्र, बांधला, आणि तो बांधताना माझी अशी खात्री झाली की हा दुसरा प्रश्नच पहिल्याहून मोठा आहे.

कायद्याचा मीटर स्वतःच एक इक्वलायझर असतो, ही गोष्ट किती जणांस ठाऊक असेल? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीस दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली. परंतु हे डेसिबल ‘ए’ भारांकनाचे आहेत. मंद आवाजात मानवी कान खर्जाला मंद असतो, या आधारावर मीटर आवाज मोजण्यापूर्वी तो एका चाळणीतून गाळतो, आणि ती चाळणी ६३ हर्ट्झपाशी २६ डेसिबल वजा करते. परिणामी, भिंतीतून घरात शिरणारा आणि उशीवर डोके टेकले तरी पाठ न सोडणारा ८० डेसिबलचा निव्वळ खर्ज दप्तरी ५४ म्हणून नोंदला जातो, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या आतच राहतो. बंदोबस्तावरील शिपायाचा यात काही दोष नाही. त्याच्या हाती दिलेले यंत्रच त्या बाजूला अर्धे बहिरे आहे. नियमांत खर्जासाठी वेगळी मोजणी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या इक्वलायझरच्या नावाचा अर्थच ‘समान करणारा’ असा आहे, त्याचा जन्म संगीतासाठी झाला नव्हता. दूरध्वनीच्या लांब तारांतून जाताना वरच्या कंपनसंख्या वाटेतच क्षीण होत, त्यांची भरपाई होऊन पलीकडच्या टोकास बोलणे मूळच्यासारखे ऐकू यावे, एवढ्यासाठी त्याची विद्युत्मंडले योजली गेली. उपकरणे एकावर एक बसवण्याचा १९ इंची रॅकही दूरध्वनी केंद्रांतूनच स्टुडिओत आला. पुढे ऑक्टोबर १९५२ मध्ये पीटर बॅक्झँडल या इंग्रज अभियंत्याने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आपले स्वरनियंत्रक मंडल प्रसिद्ध केले, आणि गावोगावच्या अँप्लिफायरवर आज बास व ट्रेबल अशी जी दोन बटणे दिसतात, त्यांपैकी पुष्कळांचे कुळ तेथवर जाऊन पोचते. तथापि, यंत्र स्वतः बांधण्याचा विषय निघाला की माझे मन कोल्हापुरास जाते. बाबूराव पेंटर आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी १९१८ साली चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी सिद्ध केला, आणि बोलपटांचा जमाना येताच, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’च्या वेळी, प्रभात फिल्म कंपनीच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी त्याच दामल्यांनी पत्करली. ज्याने एक यंत्र आतून पाहिले, त्याला दुसऱ्याचे भय उरत नाही.

माझ्या पेटीत प्रत्येक बाजूस दहा पट्टे आहेत : ३१.५ हर्ट्झपासून दुपटीदुपटीने चढत १६ हजारांपर्यंत. जुन्या रीतीने प्रत्येक पट्ट्यास तारेची कॉईल लावावी, तर ६३ हर्ट्झसाठी, एक मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरबरोबर, सहा हेन्रीहून अधिक मोठी कॉईल लागते. ती वजनाने जड, आणि घरातल्या विजेची भुणभुण ओढून घेण्यात मोठी तत्पर. म्हणून कॉईलचे काम आयसी, दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांच्याकडून करवून घेणारे जायरेटर मंडल मी स्वीकारले. सुटे भाग नागपुरास सीताबर्डीवर मिळाले. पुढचा पत्रा १९ इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच, म्हणजे रॅकच्या दोन घरांचा, येथेच कापून घेतला.

खरे काम त्यानंतरचे. एकाच छापाचे कपॅसिटर प्रत्यक्षात सारखे नसतात. डाव्या आणि उजव्या बाजूंत फरक पडला तर गायक मधोमध न राहता सुरासुराला जागा बदलू लागतो. तेव्हा मीटर पुढे घेऊन मी एकेक कपॅसिटर मोजला, त्याचा आकडा पेन्सिलीने कागदी चिठ्ठीवर लिहिला, आणि जोड्या जुळवून त्या चिठ्ठ्यांसह काडेपेट्यांत भरल्या. दोन संध्याकाळी यात गेल्या आणि त्यांतला एक क्षणही मला जड वाटला नाही.

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा मात्र हमिंगखेरीज काही ऐकू येईना. ट्रान्सफॉर्मर मी त्याच पेटीत, इनपुटच्या तारांपासून चार बोटांवर बसवला होता. तो वेगळ्या डब्यात हलवला, सगळ्या ग्राउंड तारा एकाच बिंदूवर आणल्या, पत्र्याला घराची अर्थिंग पक्की जोडली, तेव्हा शांतता आली. हमिंग थांबावे म्हणून अर्थिंगची तार तोडण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो कोणी कधीही करू नये, कारण त्यात प्राणाशी गाठ आहे.

संगणकात हेच काम फुकट होते, हे खरे आहे, आणि ते अधिक अचूक होते हेही खरे. शिवाय दहा फुटी खोली स्वतःच ५६ हर्ट्झच्या आसपास घुमते. तो घुमारा पेटीने एका जागी कमी केला तरी दोन हात सरकल्यावर तो पुन्हा भेटतो. आमच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखात गाद्यांना तोटा नाही, आणि भिंतीलगत उभ्या केलेल्या गाद्यांनी टाळांची किणकिण छान आवरली. पण त्या खर्जाच्या लहरीचा चौथा हिस्साच दीड मीटर भरतो, त्याला गादी काय पुरणार?

पेटीने मला जे दिले ते कानाला दिले. एकादशीच्या भजनास ती मी देवळात नेली. मृदंगाच्या घुमाऱ्यात गाणाऱ्याचे शब्द बुडत होते, आणि अँप्लिफायर सांभाळणारा मुलगा नेहमीप्रमाणे आवाज वाढवीत चालला होता. मी २५० चा पट्टा सहा डेसिबल खाली घेतला, दोन हजारांचा किंचित वर. मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी ध्रुपद उचलले. त्या मुलाने माझ्याकडे पाहिले आणि आठावर असलेले बटण आपणहून पाचावर आणले.