एका सुताची वाढ

इंचाचा आठवा भाग, म्हणजे कारागिरांच्या मापात एक सूत. हार्ले-डेव्हिडसनच्या ‘ट्विन कॅम ८८’ इंजिनाचे सिलिंडर तेवढे रुंद केले की त्याचे ‘९५’ होते. हे आकडे घन इंचांचे आहेत. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९५.२५ मिलिमीटर, नवा सुमारे ९८.४. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, दोन्हींत १०१.६ मिलिमीटरच. दोन सिलिंडर मिळून १,४५० सीसीचे साधारण १,५५० सीसी होतात. वाढ जेमतेम सात टक्के, पण तिच्यासाठी इंजिनाचा वरचा अर्धा भाग नव्याने जुळवावा लागतो.

हे इंजिन १९९९च्या मॉडेलांबरोबर आले. त्याआधीच्या ‘इव्होल्यूशन’मध्ये एकच कॅमशाफ्ट होता, इथे दोन. बाकी घराण्याच्या खुणा तशाच: ४५ अंशांतले दोन सिलिंडर, पुशरॉड, हवेवर थंड होणारी पंखेदार भिंत. ‘इलेक्ट्रा ग्लाइड’, ‘रोड किंग’ या दूरच्या प्रवासाच्या गाड्यांत ते बसले. इलेक्ट्रा ग्लाइड सुमारे साडेतीनशे किलोची. त्यावर दोन माणसे, भरलेल्या पेट्या, समोरून अमेरिकेच्या पठारावरचा वारा आणि पुढे रॉकी पर्वताचा चढ. अशा वेळी स्वाराला कमाल वेग नको असतो. पाचव्या गिअरमध्येच, गिअर न उतरवता, गाडीने ओढ घ्यावी एवढेच त्याचे मागणे असते. मोठ्या बोअरची खरी गरज इथून निघते.

मग ९५च का? या इंजिनाच्या मूळ सिलिंडरमध्ये एक सूत कापण्याइतके मांस आहे. सिलिंडरचा खालचा भाग क्रँककेसमध्ये जसा बसत होता तसाच बसतो, त्यामुळे केस उघडावी लागत नाही. स्ट्रोक वाढवायचा तर गोष्ट फार बदलते. या इंजिनाचा क्रँक दाबून जोडलेला असतो. तो बदलायला इंजिन फ्रेममधून उतरवून केसचे दोन भाग वेगळे करावे लागतात. बोअर वाढवताना मात्र इंजिन जागेवर राहते, फक्त हेड आणि सिलिंडर उतरतात.

सिलिंडरला ‘बोअर मारणे’ आपल्या गॅरेजांना नवे नाही. घासलेला सिलिंडर पाव-अर्धा मिलिमीटर कापायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. ती दुरुस्ती असते, झीज भरून काढणारी. इथे धडधाकट सिलिंडर जाणूनबुजून कापला जातो, आणि म्हणून कापणाऱ्याच्या हातावर सगळा भरवसा असतो. क्रँककेसमधून निघालेले चार लांब स्टड सिलिंडरच्या बाजूने वर जातात आणि हेडला आवळतात. ते आवळले की सिलिंडरची भिंत किंचित वाकते. टेबलावर मोकळा ठेवून कापलेला, मापाला अगदी गोल आलेला सिलिंडर इंजिनात बसल्यावर गोल राहत नाही. यासाठी चांगला मशिनिस्ट दोन्ही टोकांना जाड टॉर्क प्लेट लावतो, इंजिनातल्या ताणाइतक्याच ताणाने आवळतो आणि मग होनिंग करतो. होनिंगच्या दगडाने भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात. त्यांत तेल धरून राहते आणि रिंगा बसतात. पिस्टन फोर्ज केलेला असेल तर तो तापल्यावर ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून मोकळीक जास्त ठेवावी लागते. ही सगळी मापे मिलिमीटरच्या शतांशांतली. माझ्या मते पिस्टनच्या किटच्या खोक्यावरील नावापेक्षा हे होनिंग कुणी केले हा प्रश्न मोठा आहे.

पुढचा प्रश्न दाबाचा. कारखान्यातून निघताना या इंजिनाचे कॉम्प्रेशन सुमारे ८.९ ला १ असते. हेडमधली जागा तशीच ठेवून नुसता बोअर वाढवला, तरी गणिताने ते ९.४ च्या आसपास जाते, कारण तेवढ्याच खोबणीत आता जास्त हवा कोंबली जाते. घुमटी पिस्टन किंवा पातळ गॅस्केट घातले की ते आणखी चढते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात हे जपून करावे लागते. मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असतो, त्याला वारा कमी लागतो आणि तो जास्त तापतो. भरल्या गाडीने उन्हाळ्यात, कमी आरपीएमवर चढ चढताना मिश्रण ठिणगीआधीच किंवा ठिणगीनंतर झटक्यात पेटते आणि खडखड ऐकू येते. हा नॉक टिकला तर पिस्टनचे नुकसान ठरलेलेच.

कॅम निवडतानाही हाच हिशेब. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवणारा कॅम वरच्या आरपीएमवर ताकद देतो, पण खालच्या आरपीएमवर भरलेली काही हवा परत ढकलली जाते. प्रवासी गाडीला लवकर मिटणारा कॅम हवा, मात्र तो सिलिंडरमधला दाब वाढवतो. म्हणून कॅम, पिस्टन आणि हेड एकत्र बसूनच ठरवावे. कॅमची खोली उघडली की कॅम फिरवणाऱ्या चेनचे टेन्शनर बघायलाच हवेत. २००६पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत स्प्रिंगने दाबलेले प्लॅस्टिकचे पॅड असतात. ते झिजून त्यांचे कण तेलात जातात. विस्कॉन्सिनमधल्या ‘एस अँड एस सायकल’ने चेन काढून गिअरवर चालणारे कॅम आणले, त्यांना क्रँक अगदी सरळ फिरणारा लागतो.

जास्त हवेला जास्त पेट्रोल लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट बदलतात, इंजेक्शनच्या गाडीत डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, बसवून पेट्रोलचा नकाशा नव्याने लिहितात. इथे कायदाही आडवा येतो. असा नकाशा बदलून धुराची मर्यादा मोडू देणारे ट्यूनर विकल्याच्या आरोपावरून २०१६मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेशी तडजोड करताना हार्ले-डेव्हिडसनने १.२ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. ती कारवाई मला रास्त वाटते. इंजिन मोठे करणाऱ्याने धूर वाढवण्याची मुभा गृहीत धरू नये, आणि नीट जुळवलेल्या इंजिनाला तिची गरज पडू नये.

कारखान्यानेही पुढे हाच बोअर उचलला. २००७च्या ‘९६’मध्ये त्यांनी स्ट्रोक १११.१ मिलिमीटरपर्यंत लांबवला आणि बोअर जुनाच ठेवला. त्या लांब स्ट्रोकवर ९८.४चा बोअर चढवल्यावर ‘१०३’ झाले, आणि २०१२च्या प्रवासी गाड्यांमध्ये तेच इंजिन कारखान्यातून येऊ लागले.