पंधरा मिनिटांचा तारपा

अच्छाडच्या तपासणी नाक्यावरची ट्रकांची रांग सरता सरत नाही. हायवे सोडून पाड्याकडे वळलं तरी इंजिनांची घरघर मागे येतेच. मी आलो होतो तारपा वाजवणाऱ्या एका पोराकडे. तो मुंबईत प्रयोगात्म कलांत एम.ए. करतो, असं कळलं होतं. ज्या वाद्यावर माणसं रात्र रात्र नाचतात, त्याची परीक्षा घेतात तरी कशी?

"१५ मिनिटं," तो म्हणाला. "सादरीकरणाला १५ मिनिटं देतात."

ओटीवर बसून तो तारपा नीट करत होता. सुकवलेला दुध्या भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे सगळे मेणाचे. उन्हानं सैल पडलेलं मेण तो बोटांनी मळून पुन्हा बसवत होता. मधाचा आणि धुराचा मिळून एक वास येत होता, तो नंतर माझ्या वहीलाही लागला.

मग त्यानं फुंकायला घेतलं. गाल फुगले ते फुगलेच राहिले. नाकानं श्वास घ्यायचा, गालातली हवा सोडत राहायची. सूर तुटला की नाच तुटतो. घोळकाठीवाला पुढे, बाकीचे कमरेला हात घालून साखळीत, मध्ये तारपकरी. त्यानं चाल बदलली की सगळ्यांचे पाय बदलतात. नवं भात घरात यायच्या दिवसांत हे सुरू होतं. तिथे घड्याळ कोणी बघत नाही.

त्याच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात तमाशा, गोंधळ, दशावतार, शिवाय प्रबंध. अशी शिक्षणाची सोय आपल्याकडे तशी अलीकडची: पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७चं, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी २००४ची. याच जिल्ह्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो कुठल्या वर्गात न बसता. म्हणून पदवी फुकट, असं मी म्हणणार नाही. नोकरीला कागद लागतो, आणि ते या पोराला माझ्याहून चांगलं कळतं. मला खुपतात ती १५ मिनिटं. आरंभ, विस्तार, शेवट असं बेतून वाजवायचं म्हणजे वेळेवर थांबायला शिकायचं, आणि तारप्याची सगळी करामत न थांबण्यात आहे.

पोराचा आजा इतका वेळ बिडी ओढत ऐकत होता. "तुझे सर नाचतात का रे?"

"नाही आजा. खुर्चीवर बसतात, मार्क देतात."

"मग तू वाजवतो कोणासाठी?"

पोरगा हसला. पुढच्या परीक्षेला तो पाड्यातल्या चारपाच जणांना डहाणू रोडहून लोकलनं नेणार आहे. वर्गातल्यांनाही साखळीत ओढायचा त्याचा बेत आहे. "सर उठले तर सरांनापण." गाडीभाडं कोणी द्यायचं, यावर मात्र दोघांचं अजून जमलेलं नव्हतं.